औषधाच्या नावातलं 'ॲझ' म्हणजे काय? क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोलमधला दोन अक्षरांचा फरक

सावंतवाडीत जून उजाडला की कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ओले मोजे, ओली जीन्स, घामट टी-शर्ट. मग जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली खाज सुरू होते आणि लालसर गोल चट्टा उठतो. गजकर्ण, म्हणजेच नायटा. लाजेखातर डॉक्टरकडे कोणी जात नाही. मेडिकलमध्ये जाऊन हळू आवाजात "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचं, किंवा मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ट्यूबचा फोटो दाखवायचा, एवढ्यावर काम भागवलं जातं.

आता ही दोन नावं वाचा: क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोल. पटकन वाचली तर भावंडं वाटतात. दोन्ही 'क्लो'ने सुरू होतात, दोन्हींचा शेवट 'ओल'ने होतो. पण पहिलं औषध बुरशी मारतं. दुसरं कडक स्टिरॉइड आहे आणि नुसतं तेच लावलं तर गजकर्ण आणखी पसरतं. इंग्रजी स्पेलिंग बघितलं तर पहिल्यात ए आणि झेड ही दोन अक्षरं शेजारी-शेजारी आहेत, दुसऱ्यात नाहीत. ही दोन अक्षरं तिथे उगाच आलेली नाहीत. त्यांचा अर्थ काय, ती कुठून आली आणि ट्यूब किंवा गोळ्यांचं पाकीट वाचताना त्यांचा किती उपयोग होतो, ते आज बघूया.

एका ओळीत उत्तर

रसायनाच्या नावात 'ॲझ', 'ॲझा' किंवा 'ॲझो' आलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो: या रेणूत नायट्रोजन आहे. मराठीत लिहिताना त्याचं कधी 'आझ' होतं, कधी 'अझ', म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधली ए-झेड ही जोडी शोधणं सोपं.

पण प्रश्न असा की नायट्रोजनचं चिन्ह तर 'एन' आहे. मग ए-झेड कुठून आलं?

नाव पडलं ते एका मेलेल्या उंदरावरून

१७७२ मध्ये स्कॉटलंडमध्ये डॅनियल रदरफोर्ड हा तरुण हवेवर प्रयोग करत होता. त्याने बंद भांड्यातल्या हवेतला प्राणवायू वापरून संपवला, कार्बन डायऑक्साइडही काढून टाकला. तरी बराच वायू उरला. त्यात मेणबत्ती विझायची आणि उंदीर मरायचा.

पुढे फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांना पद्धतशीर नावं द्यायचं काम हाती घेतलं. १७८७ मध्ये त्यांचं नामकरणाचं पुस्तक आलं. या उरलेल्या वायूला त्यांनी नाव दिलं 'ॲझोट'. ग्रीक भाषेत 'अ' म्हणजे नाही आणि 'झोए' म्हणजे जीवन. ज्यात जीव जगत नाही, तो ॲझोट.

आपल्याला हे नाव परकं वाटायचं कारण नाही. मराठीतही 'अ' लावून नकार करतात: अशक्य, अज्ञान, अचल. आणि ग्रीक 'झोए' व संस्कृत 'जीव' हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ॲझोटचं शब्दशः मराठी करायचं तर ते होईल 'अजीव'. झूलॉजीतलं 'झू' हेही त्याच घरातलं.

मग 'नायट्रोजन' कुठून आलं? १७९० मध्ये झां-आंत्वान शाप्ताल या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे नाव सुचवलं. हा वायू 'नायटर'मध्ये, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणाऱ्या सोऱ्यात सापडतो, म्हणून 'सोरा निर्माण करणारा' तो नायट्रोजन. इंग्रजीने हे नाव उचललं आणि चिन्ह 'एन' झालं. आपल्याकडे खताच्या गोणीवर आणि शाळेच्या पुस्तकात 'नत्र' असतं, तेही याच नावाच्या उच्चाराजवळचं. फ्रेंच आणि रशियन लोक मात्र आजही या वायूला 'ॲझोट'च म्हणतात.

थोडक्यात, मूलद्रव्य एक आणि नावं दोन. रसायनांच्या नावांत दोन्ही शिल्लक राहिली आणि त्यांनी कामं वाटून घेतली. 'नायट्रो' म्हणजे नायट्रोजनला दोन ऑक्सिजन जोडलेला गट. 'ॲझो' म्हणजे दोन नायट्रोजन एकमेकांना दुहेरी बंधाने जोडलेले. 'ॲझा' म्हणजे रेणूच्या सांगाड्यात कार्बनच्या जागी बसलेला नायट्रोजन. (आणि हो, नायटा आणि नायट्रोजन यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही!)

नाव चुकीचं, पण बदलणार कोण?

उंदीर मेला तो नायट्रोजनच्या विषाने नाही, प्राणवायू नव्हता म्हणून. आपण आत्ता घेतोय त्या श्वासात ७८ टक्के नायट्रोजनच आहे. शिवाय प्रथिनं, डीएनए, रक्तातलं हिमोग्लोबिन यांतलं काहीच नायट्रोजनशिवाय बनत नाही. 'अजीव' असं नाव दिलेल्या मूलद्रव्यावर अख्खी जीवसृष्टी उभी आहे.

कोडिंग करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कोणीतरी सुरुवातीला एखाद्या व्हेरिएबलला घाईत नाव देतं, पुढे त्याचा अर्थ बदलतो, पण तोपर्यंत ते हजार ठिकाणी वापरलेलं असतं. मग कोणी हात लावत नाही. सेव्हच्या बटणावर अजून फ्लॉपीचं चित्र असतं, तसंच हे.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण शेतीच्या दुकानात मिळतं. 'ॲझोटोबॅक्टर' नावाचं जीवाणू खत तुम्ही पाहिलं असेल. हे जीवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक याने १९०१ मध्ये त्यांना हे नाव दिलं. शब्दशः बघितलं तर पाकिटावर लिहिलंय 'अजीव-जीवाणू'!

नाव कोडसारखं वाचूया

१८८७-८८ च्या सुमारास आर्थर हांट्श आणि ओस्कर विडमन यांनी कड्याच्या आकाराच्या रेणूंसाठी नावं जोडायची पद्धत मांडली. ती अजून चालते. नियम साधारण असे:

• 'ॲझ' म्हणजे कड्यात नायट्रोजन आहे.
• 'डाय' किंवा 'ट्राय' म्हणजे असे दोन किंवा तीन नायट्रोजन.
• शेवटी 'ओल' म्हणजे पाच अणूंचं कडं, 'ईन' म्हणजे सहा अणूंचं, 'एपिन' म्हणजे सात अणूंचं.

आता जोडून बघा. ट्राय + ॲझ + ओल = ट्रायाझोल. पाच अणूंचं कडं, त्यातले तीन नायट्रोजन. डाय + ॲझ + एपिन = डायाझेपिन. सात अणूंचं कडं, त्यात दोन नायट्रोजन. डायाझेपाम या औषधाचं नाव इथूनच आलंय. नाव म्हणजे जवळजवळ रेणूचा पत्ताच.

'ॲझो' रंगांतही भेटतो. दोन नायट्रोजनच्या त्या दुहेरी बंधामुळे रेणू पिवळे, केशरी, लाल दिसतात. मिठाईत आणि फरसाणात वापरला जाणारा टार्ट्राझीन हा पिवळा रंग असाच ॲझो रंग. पुढच्या वेळी पाकिटाच्या मागे 'आयएनएस १०२' दिसलं तर तो हाच. त्याच्या नावातही ए-झेड आहे, बघा.

ट्यूबवरचा नायट्रोजन नेमकं काय करतो?

आता परत गजकर्णाकडे. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, लुलिकोनाझोल, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल. या सगळ्यांना डॉक्टर 'ॲझोल गटातली औषधं' म्हणतात. पहिल्या तिघांच्या पाच अणूंच्या कड्यात दोन नायट्रोजन आहेत, शेवटच्या दोघांत तीन.

बुरशीच्या पेशीला बाहेरचं आवरण धड ठेवायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. माणसाच्या पेशीत त्याच जागी कोलेस्टेरॉल असतं. एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या बुरशीच्या एका एन्झाइममध्ये लोहाचा अणू असतो. ॲझोलच्या कड्यातला नायट्रोजन नेमका त्या लोहावर जाऊन बसतो आणि एन्झाइमचं काम अडवतो. कुलपात काडी मोडून ठेवावी तसं. एर्गोस्टेरॉल बनणं थांबतं, आवरण कमकुवत होतं आणि बुरशीची वाढ खुंटते.

म्हणजे नावातली ती दोन अक्षरं ज्या अणूकडे बोट दाखवतात, तोच अणू तुमच्या चट्ट्यावर काम करतो. बुरशीपुरतं तरी लाव्हाझिएचं 'अजीव' खरं ठरलं म्हणायचं!

क्लोबेटासोलचं काय? त्याच्या रेणूत नायट्रोजनचा एकही अणू नाही. ते स्टिरॉइड आहे, आणि त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमध्ये सर्वांत कडक गटातलं. त्याचं काम त्वचेची सूज आणि खाज दाबणं. काही आजारांत डॉक्टर ते मुद्दाम आणि मोजून देतात. पण गजकर्णावर लावलं तर दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि आपल्याला वाटतं, काय भारी ट्यूब मिळाली! प्रत्यक्षात आपल्या शरीराची बुरशीशी चाललेली लढाई बंद पडलेली असते. बुरशी शांतपणे पसरत जाते, चट्ट्याचा आकार बदलतो आणि डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट जोराने परत येतं. जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत ताणल्यासारखे पट्टे उठतात आणि ते पुसले जात नाहीत.

इथे एक मेख आहे. आपल्याकडे बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड हे तिन्ही एकत्र असतं. म्हणजे घटकांच्या यादीत ए-झेड सापडलं म्हणून खूश व्हायचं नाही. यादी शेवटपर्यंत वाचायची. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर आत स्टिरॉइड आहे. नावाच्या शेवटी '-मेथासोन', '-मेटासोन' किंवा '-ओलोन' आलं की सावध व्हायचं.

सगळे 'आझोल' एकाच कामाचे नसतात

ए-झेड तुम्हाला रेणूत नायट्रोजन आहे एवढंच सांगतं. औषध कशावरचं आहे ते सांगत नाही. त्यासाठी आणखी थोडी अक्षरं वाचावी लागतात. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांच्या मूळ नावांच्या याद्या काढते. त्या नावांत एकाच गटाच्या औषधांना सहसा एकच शेपूट असतं:

• '-कोनाझोल': बुरशीवर. फ्लुकोनाझोल, लुलिकोनाझोल.
• '-प्राझोल': पोटातलं ॲसिड कमी करायला. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल.
• '-निडाझोल': अमिबा आणि काही प्रकारच्या जंतूंवर. मेट्रोनिडाझोल. याच्या रेणूत नायट्रो गट आणि ॲझोलचं कडं दोन्ही आहे, म्हणजे एकाच मूलद्रव्याची दोन्ही जुनी नावं एका गोळीत!
• '-बेंडाझोल': जंतांवर. शाळेत जंतनाशक दिनाला चघळायला दिलेली गोळी आठवते? ती अल्बेंडाझोल.

आणि कार्बिमाझोल? ते थायरॉइडचं औषध. ऐकायला क्लोट्रिमाझोलच्या किती जवळ आहे बघा.

सर्वांत फसवं नाव आहे ॲरिपिप्राझोल. शेवट बघून ॲसिडिटीची गोळी वाटेल. पण ते मानसिक आजारांवरचं औषध आहे आणि त्यात ॲझोलचं पाच अणूंचं कडंच नाही. त्यात आहे पिपराझीन, म्हणजे दोन नायट्रोजन असलेलं सहा अणूंचं कडं. यातलं 'पिपर' मिरीच्या लॅटिन नावावरून आलंय, जी मिरी आपल्याकडे पोफळीवर चढवतात तीच. रॅबेप्राझोल आणि ॲरिपिप्राझोल ही जोडी अमेरिकेत 'गल्लत होणाऱ्या नावां'च्या यादीत आहे. नावाचा वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापा, अशी शिफारस तिथे केली जाते.

सर्दीला घेतात ती ॲझिथ्रोमायसिन

हे नाव तर घराघरात पोचलंय. यातलं 'ॲझ' तेच. एरिथ्रोमायसिन नावाचं जुनं प्रतिजैविक होतं. त्याच्या रेणूत १४ अणूंचं मोठं कडं असतं. ते पोटातल्या आम्लात टिकत नसे आणि दिवसातून अनेकदा घ्यावं लागे. १९८० मध्ये झाग्रेबमधल्या प्लिव्हा कंपनीच्या संशोधकांनी त्या कड्यात एक नायट्रोजन घातला. कडं १५ अणूंचं झालं, रेणू आम्लात टिकायला लागला आणि शरीरात कित्येक दिवस राहायला लागला. म्हणून ॲझिथ्रोमायसिन दिवसातून एकदाच आणि तीन किंवा पाच दिवसच देतात. एका अणूची ही करामत.

पण ते जीवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर ही गोळी खाल्ली तर सर्दी आपल्या वेळेनेच जाते. शरीरातल्या जीवाणूंना मात्र या औषधाची सवय होते, आणि खरी गरज पडेल तेव्हा ते काम करत नाही.

ए-झेड दिसलं म्हणजे नायट्रोजन, नक्की?

नाही. सर्च करताना जसे चुकीचे रिझल्ट येतात, तसं इथेही होतं.

• अझोला: गोठ्याजवळच्या टाकीत किंवा भातशेतात वाढवतात ती पाण्यावरची हिरवी वनस्पती. तिच्या पानांत राहणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं, त्यामुळे नाव तिथूनच आलंय असं वाटतं. पण लामार्कने अझोला हे नाव दिलं १७८३ मध्ये, म्हणजे 'ॲझोट' शब्द पुस्तकात यायच्या चार वर्षं आधी. ते 'वाळणं' आणि 'मरणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आलंय, कारण पाणी आटलं की ही वनस्पती मरते.
• ॲझुलीन: निळ्या रंगाचं रसायन. नाव स्पॅनिशमधल्या 'निळा' या शब्दावरून. नायट्रोजन शून्य.
• ॲझ्युअर: मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा. इथेही अर्थ निळा, आणि शब्दाचं मूळ फारसी 'लाजवर्द', म्हणजे निळा मौल्यवान दगड.

उलटही होतं. टर्बिनाफिन हे गजकर्णाचंच औषध, त्यात नायट्रोजन आहे, पण नावात ए-झेड नाही. म्हणून ए-झेड हा इशारा समजा, पुरावा नाही.

फोन हातात आहे, मग हे करा

१. ब्रँडचं नाव सोडा आणि घटकांची यादी शोधा. एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादं अक्षर वाढलं तरी आतलं औषध बदलू शकतं. जनऔषधी केंद्रात तर औषध मूळ नावानेच मिळतं.

२. बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर कॅमेऱ्याने झूम करा किंवा गूगल लेन्सने मजकूर कॉपी करा. औषधाचं नाव व्हॉइस टायपिंगने शोधू नका. 'क्लोबेटासोल' बोललात आणि त्याने दुसरंच काही ऐकलं तर तुम्ही भलत्याच औषधाची माहिती वाचत बसाल. टाइप करताना खाली येणाऱ्या सूचनेवरही डोळे झाकून बोट ठेवू नका.

३. पाकिटावर क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० ब्रँडवर तो सक्तीचा आहे. त्यात मूळ नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत ही माहिती असते.

४. पाकिटावर उभी लाल रेघ आहे का बघा. असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१८ मध्ये बरीच स्टिरॉइड क्रीमही चिठ्ठीच्या यादीत आली.

५. मित्राची ट्यूब वापरू नका आणि आपल्या ट्यूबचा फोटो "हे लाव, मस्त आहे" म्हणून पुढे पाठवू नका. त्याचा चट्टा गजकर्णाचाच आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

६. डॉक्टरांनी बुरशीचं औषध जितके दिवस सांगितलंय तितके दिवस लावा. खाज थांबली म्हणजे बुरशी संपली असं नाही.

एखादी ट्यूब आधीच बरेच दिवस लावत असाल आणि यादीत स्टिरॉइड सापडलं, तर घाबरून जाऊ नका. ट्यूब खिशात टाका आणि त्वचेच्या डॉक्टरांना थेट ती दाखवा. "किती दिवस लावली" हेही खरं सांगा. सावंतवाडीच्या पावसात गजकर्ण होणं यात लाजण्यासारखं काही नाही. ते कोणालाही होतं, आणि योग्य औषधाने बरंही होतं.